आई घसरली आणि सगळे म्हणाले, बघून चालायचं ना

मागच्या जुलैत आई आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत घसरली. भाजी घेऊन येत होती, बाहेर डोंबिवलीचा तो दिवसभर थांबत नाही असला पाऊस, छत्री दारात झटकली, आत आली, आणि लिफ्ट चार पावलांवर असताना उजवा पाय पुढे सटकला नि बाकीची आई मागे राहिली. हात टेकला, मनगट गेलं. बटाटे पार लिफ्टच्या दारापर्यंत घरंगळत गेले हे वॉचमन नंतर चार दिवस सगळ्यांना सांगत होता, जणू बटाटे हीच मुख्य बातमी.

मनगट बाजूने बघितलं तर जेवणाचा काटा पालथा ठेवावा तसं दिसत होतं, दांडी सरळ आणि मग एकदम उंचवटा. डॉक्टर एक्सरे यायच्या आधीच म्हणाले, कॉलिस. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस, त्यांनी १८१४ साली हे फ्रॅक्चर लिहून ठेवलं, एक्सरेचा शोध लागायला अजून ८१ वर्षं होती, म्हणजे नुसतं हाताने चाचपून. हात टेकून पडणाऱ्यांचं हे ठरलेलं फ्रॅक्चर. डॉक्टर म्हणाले हातावर निभावलं हे नशीब, खुब्यावर पडल्या असत्या तर आज आपण वेगळं बोलत असतो.

सहा आठवडे प्लास्टर. आणि या सहा आठवड्यांत जे जे भेटायला आले त्या प्रत्येकाने चहाचा कप हातात घेऊन एकच वाक्य टाकलं, "अहो बघून चालायचं ना." शेजारचे काका तर म्हणाले, वहिनींचं वजन पण वाढलंय हल्ली. आणि आई सगळ्यांसमोर अपराध्यासारखी, "हो ना, माझंच लक्ष नव्हतं." याचा मला भयंकर राग यायला लागला. कारण मी त्याच लॉबीतून रोज दोनदा जातो आणि माझंही लक्ष नसतं, मोबाईलमध्ये असतं, आणि मी पडत नाही.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, वीस वर्षं मेंटेनन्समध्ये, म्हणजे माझा धंदाच घर्षण कमी करायचा. ग्रीस लाव, बेअरिंग बदल, तेल बघ. घर्षण नसलं तर माणसाचं काय होतं हा विचार करायची वेळच आली नव्हती. आता आली, रात्री आई झोपली की मी वाचत बसायचो.

तर चालणं म्हणजे काय, तर दर पावलाला आपण थोडे पुढे पडतो आणि दुसरा पाय टाकून ते पडणं अडवतो. पुढचा पाय टेकताना आधी टाच टेकते, चवडा वर असतो, आणि पाय तिरका असतो. तिरका असल्यामुळे तो फरशीला खाली तर दाबतोच पण पुढेही रेटतो. हा पुढचा रेटा फरशीने पकडून ठेवायचा असतो. सपाट जमिनीवर साध्या चालीत हा रेटा खालच्या दाबाच्या साधारण ०.२ पट असतो, म्हणजे ६० किलो खाली तर १२ किलो पुढे. ही आपली मागणी. आणि चप्पल नि फरशी मिळून जेवढी पकड देऊ शकतात तो पुरवठा. कोरडी फरशी आणि बरी रबरी चप्पल असेल तर पुरवठा ०.६ च्या पुढे सहज, म्हणजे मागणीच्या तिप्पट. म्हणूनच माणूस आयुष्यभर फरशीकडे न बघता चालतो आणि त्याला कोणी वेंधळा म्हणत नाही. पुरवठा मागणीच्या खाली गेला की मग तुम्ही कितीही हुशार असा.

(केळ्याच्या सालीचं पण मोजलंय बरं का, जपानमधले कियोशी माबुची आणि त्यांचे सहकारी, साधारण ०.०७ भरलं, २०१४ चं इग्नोबेल मिळालं त्यांना, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. हसू नका, त्यांचं मूळ काम कृत्रिम सांध्यांतल्या वंगणाचं आहे.)

काकांच्या वजनाच्या मुद्द्याचं आधी उरकून टाकतो. वजन वाढलं की पुढचा रेटा वाढतो पण खालचा दाबही तेवढाच वाढतो, आणि पकड दाबाच्या प्रमाणात वाढते, हे आमाँताँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६९९ मध्ये मांडलं आणि आपण ते नववी-दहावीत मार्कांपुरतं पाठ करून विसरलो. रबर हा नियम अगदी तंतोतंत पाळत नाही, पण जाड माणूस जास्त घसरतो असं काही नाही. जोरात आपटतो, ते खरं.

आता टाच. पाय दोन वेळा घसरू शकतो, टाच टेकताना आणि मागचा पाय चवड्याने ढकलून उचलताना. ढकलताना घसरला तर पाय मागे जातो, पण तोवर वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं, आपण नुसतं हिसका बसल्यासारखं करतो आणि आजूबाजूला कोणी बघितलं का ते बघतो. टाच घसरली तर मात्र वाट लागते, कारण वजन याच पायावर यायला निघालेलं असतं आणि दुसरा पाय उचलायच्या बेतात असतो. पाय पुढे, धड मागे. टाच टेकल्यापासून सेकंदाच्या पहिल्या दहाव्या भागात काय ते ठरतं. शरीराला सावरायला, म्हणजे गुडघा वाकवून पाय मागे ओढणं, हात वर फेकणं, दुसरा पाय घाईघाईने खाली टेकवणं, हे सुरू व्हायलाच पाचवा भाग लागतो, आणि वय झालेल्या माणसाचं सावरणं त्याहून संथ आणि कमी ताकदीचं. पाय दोन-तीन सेंटीमीटर सरकला तर आपल्याला कळतही नाही, तेवढं रोज होत असतं. दहाच्या पुढे गेला की बहुतेक आपटलंच.

म्हणजे घसरत असताना "लक्ष" नावाची गोष्ट उपयोगाची नाही, ती उशिरा पोचते. लक्षाचा उपयोग आधी. पुढे ओलं आहे हे माहीत असलं की आपलं शरीर न सांगता चाल बदलतं, पावलं आखूड होतात, पाय सपाट पडतो, गुडघे जरा वाकतात, आणि मागणीच ०.२ वरून खाली येते. बहुतेक माणसं ओल्या फरशीवरून याच कारणाने सुखरूप जातात. पण त्यासाठी ओलं दिसायला हवं ना. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, वर ट्यूबलाइट, कोरडा असताना चकचकीत आणि ओला असतानाही चकचकीत. काय बघून चालणार आई?

आपल्या भाषेत याला शब्द पण वेगवेगळे आहेत आणि ते उगाच नाहीत. ठेचकाळणं, अडखळणं म्हणजे पाय अडकतो आणि धड पुढे जातं, माणूस तोंडावर. घसरणं म्हणजे पाय पळतो आणि धड मागे राहतं, माणूस पाठीवर. पुढच्यास ठेच मागचा शहाणा हे ठेचेला लागू आहे, दगड दिसतो. घसरण्याला लागू नाही, आमच्या लॉबीत त्याच जागी आईच्या आधी दोन जण घसरले होते हे मला नंतर कळलं, आणि त्यांनीही "माझंच लक्ष नव्हतं" म्हणून गुपचूप कंबर शेकली होती.

मग मला खाज सुटली की हे आपण मोजून दाखवू, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कागदच ठेवू. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घरात होता. आईचीच उजवी चप्पल घेतली, त्यात पाच किलो कोलमची पिशवी बसवली, पट्ट्यात परकराची नाडी ओवून काट्याच्या हुकाला अडकवली आणि हॉलच्या गुळगुळीत टाइलवर हळूहळू ओढलं. कोरड्यावर तीन-सव्वातीन किलोला सरकायची, म्हणजे ०.६ च्या वर, पुस्तकात होतं तसंच. भारी वाटलं. मग तांब्याभर पाणी ओतलं, चप्पल ठेवली, नाडी सरळ केली, ओढलं. आकडा धाडकन उतरायला हवा होता. नाही उतरला. दोनदा तर कोरड्यापेक्षा जास्त आला. बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, "मग आई पडल्या कशा?"

दोन दिवस डोक्यात हेच. तांदूळ बदलले, चप्पल बदलली, साबणाचं पाणी केलं तेव्हा जरा उतरला. शेवटी उत्तर सापडलं आणि ते इतकं सोपं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली. ओला ग्लास प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवला की कसा चिकटतो, उचलताना टेबलक्लॉथ पण वर येतं, तसं. मी चप्पल अलगद ठेवत होतो, नाडी नीट करेपर्यंत पाच किलोने खालचं पाणी बाजूला दाबून काढलेलं असायचं आणि उरलेला पातळ थर उलट चिकटायचा. चालताना असं होत नाही. टाच हलत हलत, कडेवर टेकते आणि वजन क्षणात येतं, पाण्याला बाहेर पळायला वेळच मिळत नाही, ते तिथेच अडकतं आणि चप्पल पाण्यावर तरंगत पुढे जाते. हायवेवर पावसात गाडी पाण्यावर तरंगते तेच हे, फक्त पायाखाली.

म्हणून खरं मोजायचं तर पेंडुलम वापरतात. एक दांडा, टोकाला रबराचा तुकडा, वरून सोडायचा, तो ओल्या फरशीला घासून पलीकडे जातो, किती वर गेला त्यावरून फरशीने त्याचा किती जोर खाल्ला ते कळतं, जितका कमी वर गेला तितकी पकड जास्त आणि आकडा मोठा. सिव्हिलवाल्यांना माहीत असेल, रस्त्याची पकड यानेच बघतात. ब्रिटनमध्ये ३६ किंवा त्यावर आकडा आला तर ठीक समजतात, २५ च्या खाली आला तर धोका जास्त. अमेरिकेतल्या टाइलवाल्यांचा हिशोब वेगळा, ओल्या फरशीवर सरकतानाची पकड किमान ०.४२ हवी म्हणतात, आपल्या ०.२ च्या दुप्पट, कारण सगळेच काही साध्या चालीत चालत नाहीत, कोणी घाईत असतं, कोणी वळतं, कोणी पोराच्या मागे धावतं, आणि या सगळ्यात मागणी वाढते. उतारावर तर जास्तच. व्हीलचेअरच्या रॅम्पचा चढ १२ ला १ असतो, तेवढ्यानेच मागणीत साधारण ०.०८ ची भर पडते. आमचा पार्किंगचा रॅम्प त्याहून बराच खडा आहे आणि सकाळी दूधवाला, पेपरवाला, कामाला येणाऱ्या मावशी, सगळे तिथूनच चालत येतात कारण पुढचं गेट सातला उघडतं.

मग गुळगुळीत नको तर किती खडबडीत हवं? इथे मला सगळ्यात मजा आली. फरशीवर बारीक बारीक उंचवटे असले की ते पाण्याच्या थरातून वर डोकं काढतात आणि चप्पल त्यांना धरते. पाण्यासाठी हा खडबडीतपणा साधारण २० मायक्रॉन असला तरी काम भागतं, दहाच्या खाली गेला तर अवघड. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खडबडीतपणा, डोळ्याला दिसणार पण नाही, हातालाच लागेल. तेलाला याहून जास्त लागतो, तेल दाट असतं, लवकर बाजूला होत नाही, म्हणून स्वयंपाकघरात फोडणीचे चार थेंब सांडले तर लॉबीतल्या पाण्यापेक्षा वाईट.

लहानपणी आजोळी पाट्याला टाकी लावायला बाई यायची, छिन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर बसायची आणि टकटक टकटक करत पूर्ण पाटा टोचून काढायची, कारण पाटा वापरून गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. हे आमच्या आजीला माहीत होतं. आणि आम्ही लॉबीला लाखभर रुपये घालून पॉलिश मारून घेतलं.

टाइल घ्यायला गेलात तर दुकानदार R९ दाखवून "अँटीस्किड आहे साहेब" म्हणेल. ही जर्मन पद्धत, उतरत्या फळीवर इंजिन ऑइल ओतून बूट घातलेला माणूस चालवतात आणि फळी वर वर तिरकी करत जातात, तो घसरला की तो कोन. R९ म्हणजे ६ ते १० अंश, आणि ही सगळ्यात खालची पायरी आहे, R१३ पर्यंत जाते. बाथरूमसाठी वेगळी, अनवाणी पायाने साबणाच्या पाण्यात, तिचे A, B, C, त्यात C सगळ्यात चांगली. मी दुकानात हे विचारलं तर त्या मुलाने मालकाला हाक मारली, मालकाने मला बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला, माहिती मात्र मिळाली नाही.

फक्त पाणीच दोषी असतं असंही नाही. कॅरमवर पावडर का टाकतो आपण? तीच पावडर अंघोळीनंतर अंगाला लावताना बाथरूमच्या दारात सांडते आणि कोरड्या फरशीवर माणूस सोंगटीसारखा जातो. फिनाईल जास्त घालून पुसलेली फरशी पण तशीच, वास छान आणि वर एक बुळबुळीत थर. आणि चपला, त्यांचं काय सांगू, आईची ती चप्पल मी प्रयोगाच्या वेळी पहिल्यांदा उलटी करून बघितली. बाकी तळ नवाकोरा, पण टाचेची मागची बाहेरची कड, जिथे पाऊल पहिल्यांदा टेकतं नेमकी तिथे, आरशासारखी झिजलेली. पाणी बाहेर काढायच्या खाचाच नाहीत. आपण चपला पट्टा तुटला की टाकतो, टाच झिजली म्हणून कोणी टाकलेली मी तरी बघितली नाही. आता तुम्ही हे वाचताय तर उठा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चपला उलट्या करून बघा, मी थांबतो.

या सगळ्यात मला वीसेक वर्षांपूर्वीचा राजमाचीचा ट्रेक आठवला. भर पावसात कोंदिवड्याच्या बाजूला उतरत होतो, सगळा रस्ता शेवाळलेले दगड आणि चिखल, आणि आम्ही पोरं मागे रेलून, टाचा रोवत, दर दहा पावलांना एक जण ढुंगणावर. सोबत उधेवाडीचे एक मामा होते, पायात साधे प्लास्टिकचे बूट, डोक्यावर इरलं, खांद्यावर कुणाची तरी सॅक, आणि घरात चालावं तसे उतरत होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग म्हणाले, "मागं रेलू नका. आन् पाय टाकू नका, ठिवा." तेव्हा वाटलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. आज कळतंय की मागे रेललं की शरीर पायाच्या मागे राहतं, पाय आणखी तिरका होतो, पुढचा रेटा वाढतो, म्हणजे भीतीपोटी आपण नेमकी मागणी वाढवतो. पाय "टाकला" की टाच हलत येते, "ठेवला" की तळवा सपाट आणि वजन बरोबर त्याच्यावर. मामांनी दोन शब्दांत सांगितलेलं मी महिनाभर वाचत होतो. टोरांटोची मावसबहीण म्हणते तिकडे हिवाळ्यात बर्फावर पेंग्विनसारखं चाला असं सांगतात. तेच आहे ते.

आकडा एकच देतो कारण तो मला झोपेतून उठवतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, सगळ्या प्रकारचं पडणं धरून, अपघाती मृत्यूंत वाहनांच्या खालोखाल दुसरा नंबर, आणि यात साठीच्या पुढची सगळ्यात जास्त. यातल्या कितीजणांना कोणी ना कोणी बघून चाल म्हणालं असेल.

तर मीटिंग. मी कागद घेऊन गेलो, सांगितलं की दाराजवळचा आठ-दहा फूट ग्रॅनाइट फ्लेम फिनिश, म्हणजे आगीच्या झोताने खडबडीत, करून घेऊ, किंवा खाचा मारू, रॅम्पला पण, आणि दारात पाणी टिपणारं मोठं मॅट, ज्याला खालून रबर आहे असं. वॉचमन टाकतो ते गोणपाट पाणी टिपतं चांगलं, पण स्वतःच सरकतं. चेअरमन म्हणाले, ग्रॅनाइट खडबडीत केलं तर लॉबीचा लुक जाईल, परवाच एक पार्टी फ्लॅट बघून गेली. एक जण म्हणाले खडबडीत फरशीत घाण बसते, हे मात्र खरं आहे, बसते, घासावी लागते. तासाभराने ठरलं की काळ्या अँटीस्किड टेपच्या पट्ट्या मारू, स्वस्त आहेत, आणि कोणाला लुक खराब वाटला तर काढता येतील. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ होतं.

प्लास्टर निघाल्यावर आई आठ दिवस जिन्यावरूनच गेली-आली, लॉबीत भिंतीला हात लावून. आता त्या पट्ट्यांवरून चालते, एकीवरून दुसरीवर, लंगडी-पाणी खेळल्यासारखी, भाजीची पिशवी डाव्या हातात. मनगट थंडीत दुखतं म्हणते. चपला नवीन घेतल्या, दुकानात मी प्रत्येक जोड उलटा करून अंगठ्याने दाबत होतो, तर ती लांब जाऊन उभी राहिली, ओळख नसल्यासारखी.

लिफ्टसमोरच्या पट्टीचं टोक दिवाळीच्या साफसफाईत पाण्याने सुटलं आणि वर आलं. परवा ऑफिसला निघालो, त्यात बुटाचं टोक अडकलं, आणि मी पुढे. गुडघ्यावर. घरून कात्री आणून तेवढं टोक कापलं आणि ग्रूपवर फोटो टाकला की नवीन रोल मागवा. सात जणांनी अंगठा दिलाय, रोल अजून आलेला नाही.